बसवरचा पिंपळ

पिंपळाला उगवायला माती फार लागत नाही. पक्षी फळं खातात, विष्ठेतून बी पडतं, एखाद्या भेगेत थोडी धूळ नि ओल मिळाली की झालं. वाड्याच्या भिंतीत, विहिरीच्या चिऱ्यांत दिसतो तो असाच आलेला. आमच्याकडे तो बसवर आला होता. पुढच्या काचेखाली, जिथं वायपर बसवतात त्या खाचेत. वीतभर उंची, पानं पाच.

बस विद्यापीठाची. पिवळी, प्रशासकीय इमारतीच्या मागं शिरीषाखाली उभी. विद्यापीठाचं नाव लिहीत नाही, मला तिथं अजून दोन सत्रं काढायचीयत. एवढं पुरे की ते शहराबाहेर माळावर आहे, हायवेला मोठी कमान आहे, आणि कमानीपासून आमचा वनस्पतीशास्त्र विभाग अडीच किलोमीटर आत. वाटेला दोन्ही बाजूंनी गिरिपुष्प लावलंय. मार्चमध्ये फुलतं तेव्हा फोटो छान येतात, सावली मात्र त्याच दिवसांत नसते.

माझं गाव तिथून ३१ किलोमीटर. सकाळी सात वीसची एसटी. विद्यार्थी पासाला ६६.६७ टक्के सवलत असते, म्हणजे एवढा लांबचा प्रवास तिसऱ्या हिश्श्यात होतो. कमानीशी उतरलं की टमटम. सहा सीट भरल्याशिवाय हलत नाही, आणि सीटला वीस रुपये. जाऊन-येऊन चाळीस. आईला हे गणित अजून पटलेलं नाही. "एवढ्या लांबचं कमी आणि हाकेच्या अंतराचं जास्त?" म्हणते. मी बहुतेक वेळा चालते.

चालण्याचं काही नाही. पण पेशीविभाजनाचं प्रात्यक्षिक कांद्याच्या मुळांवर असतं, आणि मुळं सकाळी साडेआठ-नऊच्या सुमारास फिक्स केली, म्हणजे पेशी आहेत तशा थांबवणाऱ्या द्रावणात टाकली, तर विभाजनाच्या अवस्था चांगल्या सापडतात. पहिल्या वेळी एसटी उशिरा आली, टमटमला चारच माणसं, मी पळत सुटले. पोचले तेव्हा दहा वाजून गेले होते. स्लाइड लावली तर सगळ्या पेशी आरामात बसलेल्या, गुणसूत्रं दिसायला तयार नाहीत. मॅडम म्हणाल्या, "लवकरची बस पकडत जा." लवकरची बस मुक्कामाची, पाच पन्नासला सुटते. मग कांदा घरीच ग्लासावर ठेवायचा, मुळं घरीच फिक्स करायची आणि बाटली डब्याच्या पिशवीत घालून आणायची, असा मार्ग मी काढला. आजीला वाटतं मी औषध घेते.

संध्याकाळ जास्त वाईट. प्रात्यक्षिक साडेपाचला सुटतं, आमच्या बाजूची शेवटची एसटी सहा दहाला कमानीशी येते. डिसेंबरात त्या वेळी अंधार असतो, आणि रस्त्यावरचे दिवे लागतात ते परीक्षा भवनापर्यंतच. आम्ही अकरा मुली मिळून निघतो. मोबाईलचे टॉर्च, एकीच्या हातात काठी, कुत्र्यांसाठी. एकदा कमानीला पोचलो आणि एसटी समोरून निघून गेली. मैत्रिणीचा भाऊ नि त्याचे दोस्त दुचाकी घेऊन येईपर्यंत सव्वाआठ झाले. घरी मी "लेक्चर लांबलं" असं सांगितलं. खरं सांगितलं असतं तर कॉलेजच बंद झालं असतं.

आता कागदाचं. 'कमवा व शिका' योजनेत मला आवक-जावक विभाग मिळालाय, दुपारी दोन तास. आलेल्या टपालावर शिक्का मारायचा, रजिस्टरात क्रमांक घालायचा, विषय एका ओळीत लिहायचा. १२ ऑगस्ट २०२४ ला आम्ही २१४ सह्यांचं निवेदन दिलं, त्यावर आवक क्रमांक मीच घातला. विषयही मीच लिहिला: विद्यापीठ बस सुरू करणेबाबत. अक्षर जरा जास्तच काळजीपूर्वक काढलं.

ते निवेदन विद्यार्थी विकास विभागात गेलं. तिथून 'वाहन विभागाशी संबंधित' म्हणून परत. वाहन विभागानं 'वित्तीय बाब' लिहून लेखा विभागाला धाडलं. लेखानं 'मान्यतेची प्रत जोडावी' असा शेरा मारून कुलसचिव कार्यालयात. दर खेपेला ते माझ्या टेबलावरून जायचं आणि दर खेपेला नवा क्रमांक. दिवाळीपर्यंत एका कागदाचे चार क्रमांक झाले. मग एक दिवस जावकच्या गठ्ठ्यात माझ्याच नावाचं पाकीट. मी ते रीतसर नोंदवलं आणि बाहेरच्या बाकावर बसून फोडलं. 'आपल्या निवेदनाची नोंद घेण्यात आली असून ते उचित कार्यवाहीस्तव संबंधित विभागाकडे वर्ग करण्यात आले आहे.' कुठल्या विभागाकडे, ते मला ठाऊक होतं. पुन्हा विद्यार्थी विकास.

गंमत म्हणजे तिथलं कुणी वाईट वागत नाही. वाहन विभागातले काका चहा पाजतात. कुणी "बस मिळणार नाही" असंही म्हणत नाही. म्हटलं असतं तर निदान भांडता आलं असतं.

यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, २०२३ चे विद्यार्थी तक्रार निवारणाचे नियम आहेत, विद्यापीठाच्या तक्रार समितीनं १५ कामकाजी दिवसांत अहवाल द्यायचा असतो. जानेवारीत तिथं अर्ज केला. समितीच्या यादीतले एक सर निवृत्त होऊन दोन वर्षं झालीत. त्यावर विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील करता येतं, पण अपील निर्णयावर करायचं, आणि निर्णय झालेलाच नाही.

शेवटी आवकमधले बापू म्हणाले, "पोरी, माहिती अधिकार टाक." जोडपत्र अ हा अर्जाचा नमुना, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, मजकूर १५० शब्दांत. मुदत ३० दिवसांची, उत्तर एकोणतिसाव्या दिवशी आलं. तेवढी शिस्त आहे.

उत्तरातून बसचा आजार कळला. नोंदणी २००८ ची. १ एप्रिल २०२३ पासून सरकारी आणि स्वायत्त संस्थांच्या १५ वर्षांवरच्या गाड्यांची नोंदणी पुढं चालू ठेवता येत नाही, हा केंद्राचा नियम. म्हणून बस थांबली. नवी घ्यायची तर आधी जुनीचं निर्लेखन, म्हणजे ती नोंदीतून रीतसर काढून टाकणं, व्हायला हवं, आणि 'निर्लेखनाचा प्रस्ताव विचाराधीन आहे'. नियमावर माझा राग नाही, जुना धूर कमी झाला तर बराच. पण १५ वर्षं एका रात्रीत होत नाहीत हो! २००८ मध्ये घेतलेली गाडी २०२३ मध्ये पंधरा वर्षांची होणार, हे सांगायला समिती कशाला हवी?

हे उत्तर घेऊन मी बस बघायला गेले, तेव्हा पिंपळ दिसला. चाकाशी गाजर गवत, मागच्या शिडीवर गारवेल चढलेली. बापूंना सांगितलं तर ते गंभीरपणे म्हणाले, "मोठा होऊ देऊ नकोस. झाड झालं की तोडायला परवानगी लागेल, फाईल आणखी एका टेबलावर जाईल."

मी तो ओल्या फडक्यानं माती भिजवून अलगद, मुळासकट काढला. आठवडाभर वर्तमानपत्रात दाबला आणि हर्बेरियमच्या, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाच्या, शीटवर लावला. शास्त्रीय नाव, कूळ, संग्राहकाचं नाव, तारीख, सगळं भरलं. अधिवासाच्या रकान्यात बसचा नंबर लिहिला. सरांनी त्याला लाल पेनानं गोल करून बाजूला प्रश्नचिन्ह काढलंय.