कवड्या समजून बसले होते

पहिला साप निघाला तेव्हा मी खुर्चीवर चढून किंचाळले होते. दुसरा निघाला तेव्हा "काही नाही, कवड्या आहे" म्हणून केरसुणी आणायला गेले. हा अनुभव त्या केरसुणीचा.

पहिला खरंच कवड्या होता. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात बाथरूमच्या खिडकीवर पालीच्या मागे लागलेला, जेमतेम हातभर. त्याला न्यायला आलेल्या सर्पमित्राने मला खाली उतरवलं आणि लांबूनच एकेक गोष्ट दाखवली. तपकिरी अंग, चपटं डोकं, मानेपासूनच सुरू होणारे पिवळट-पांढरे पट्टे आणि शेपटीकडे जाता जाता पुसट होणारे. "विषारी मण्यारीचं उलटं असतं ताई. अंग काळं चकचकीत, पट्टे डोक्यापासून बरेच मागे सुरू होतात आणि शेपटीकडे दाट होत जातात." कवड्या बिनविषारी, पण चिडका. चावायला मागेपुढे बघत नाही.

मी ते पाठ केलं. नुसतं पाठ केलं नाही, सगळ्यांना ऐकवत सुटले. पुढे नातेवाईक मला सापांचे फोटो पाठवायला लागले. बिनविषारी दुरक्या घोणस आणि खरी, विषारी घोणस यांतला फरक मी फोनवर समजावून सांगायचे. जाडजूड शरीर, पाठीवर साखळीसारख्या ठिपक्यांच्या तीन ओळी, कुकरच्या शिट्टीसारखा फुत्कार म्हणजे घोणस, वगैरे. प्रत्यक्षात मी तोवर आयुष्यात एकच साप जवळून पाहिला होता, तोही खुर्चीवरून.

मग गेल्या जुलैतली रात्र. पावणेअकरा वाजले असतील. हे कामानिमित्त बाहेरगावी. सासरे, म्हणजे आमचे अण्णा, फाटकाची कडी बघायला व्हरांड्यात गेले होते. अंधारात, अनवाणी, नेहमीसारखे. परत येताना दिवा लावला आणि हाक मारली, "सूनबाई, चपलांच्या मांडणीखाली काहीतरी वळवळतंय."

वेटोळं होतं. डोकं वेटोळ्याखाली दडलेलं, वर दिसत होते फक्त मधल्या अंगावरचे पांढरे पट्टे. व्हरांड्यातला दिवा पिवळा आणि मिणमिणता, त्यात काळा रंग मला तपकिरी दिसला. की मला तपकिरी बघायचा होता, कोण जाणे.

अण्णा म्हणाले, "काठी देऊ?"

"राहू द्या अण्णा, बिनविषारी आहे. सुपलीत घेऊन बाहेर सोडते."

केरसुणी टेकवायला वाकले. दोन हातांचं अंतर असेल. तेवढ्यात सापाने अंगाला एक झटका दिला आणि डोकं बाहेर आलं. डोक्यामागचा वीतभर भाग काळा कुळकुळीत. एकही पट्टा नाही. त्याच्या मागे बारीक पांढऱ्या पट्ट्यांच्या जोड्या, शेपटीकडे दाट होत गेलेल्या. पाठ केलेलं सगळं त्या क्षणी आठवलं, पण पाय हलेनात. शेवटी अण्णांनीच दंड धरून मागे ओढलं.

आत आलो, दार लावलं, खालच्या फटीत टॉवेल दाबला. खिडकीतून विजेरीचा झोत सापावर धरून मी त्याच सर्पमित्राला फोन लावला. तो उचलतो की नाही या धास्तीने वनविभागाचा 1926 हा क्रमांकही मनात घोकत होते. त्याने उचलला. साप अजून दिसतोय का? जवळ कुणी आहे का? नजर हटवू नका, आहात तिथूनच झूम करून फोटो पाठवा, एक पाऊलही पुढे टाकू नका. फोटो पाठवला. दहा सेकंदांत उत्तर आलं: मण्यार.

पण त्याचा पुढचा प्रश्न मी विसरणार नाही. "तिथे अंधारात कुणी चाललं होतं का?"

मण्यारीचा दंश बरेचदा जाणवतच नाही. घोणशीच्या दंशासारखी आग नाही, सूज नाही, कित्येकदा दातांची खूणही दिसत नाही. झोपेत डास चावल्यासारखं वाटावं, आणि काही तासांनी पापण्या जड व्हाव्यात, पोटात दुखावं, मग श्वासाचे स्नायू ढिले पडत जावेत. त्याने हे एवढं सगळं तेव्हा सांगितलं नाही. एवढंच म्हणाला, "काकांचे पाय बघा."

अण्णांना खुर्चीत बसवून मी त्यांचे पाय उजेडात धरले. वय वर्षं एकोणऐंशी. पायावर भेगा, जुने डाग, डासांचे फोड, आणि डाव्या घोट्याशी एक ताजा लाल ठिपका. "टोचल्यासारखं झालं होतं का हो?"

"झालं असेल. डासच असेल."

फोनवर सर्पमित्र म्हणाला, "ताई, शंका आहे ना? मग माझी वाट बघू नका. दवाखाना. आत्ता."

शेजारच्या वहिनींना खिडकीशी पहाऱ्यावर बसवलं आणि मागच्या दाराने निघालो. भावोजींनी गाडी काढली. अण्णांना चालू दिलं नाही, खुर्चीसकट उचलून गाडीपाशी नेलं. पाय हलू नये म्हणून फूटपट्टी लावून सैलसर फडकं गुंडाळलं. दोरीने आवळायचं नाही, चिरायचं नाही, चोखायचं नाही, एवढं मला माहीत होतं. गाडीत बसता बसता अण्णांनी हळद मागितली. मी दिली नाही.

सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरांनी फोनमधला फोटो पाहिला आणि लगेच दाखल करून घेतलं. मला वाटलं होतं, आता इंजेक्शन देतील. त्यांनी समजावलं की आपल्याकडचं विषावरचं इंजेक्शन नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालतं, पण ते घोड्याच्या रक्तातून बनवतात आणि काहींना त्याची जोराची रिॲक्शन येते. म्हणून नुसत्या संशयावर देत नाहीत, विषाची लक्षणं दिसली तरच. रक्त काचेच्या नळीत वीस मिनिटं ठेवून गोठतं का तेही पाहिलं. ती तपासणी घोणस-फुरशासाठी, पण ती सगळ्यांचीच करतात.

मग सुरू झाली ती खरी रात्र. दर थोड्या वेळाने नर्स यायची. "आजोबा, वर छताकडे बघत राहा." पापण्या खाली येतात का ते बघायची. "घट्ट मिटा डोळे. मान उचला. आता एका श्वासात मोजा." अण्णा मोजायचे. पहिल्यांदा तेवीसपर्यंत गेले. नंतर एकवीस. माझ्या पोटात गोळा आला. मग बावीस. पहाटे चारला ते झोपाळले आणि पापण्या मिटायला लागल्या, तेव्हा झोप आणि विष यांतला फरक मला काही केल्या कळेना. धावत जाऊन नर्सला उठवलं. तिने मोजायला लावलं. अण्णा वैतागून म्हणाले, "शाळेत पाढे म्हणायला लावायचे, ते बरं होतं," आणि चोवीसपर्यंत मोजून दाखवलं.

चोवीस तास देखरेखीखाली ठेवून सोडलं. घोट्याचा ठिपका डासाचाच.

साप पकडतानाची गंमत मी हुकवली. वहिनींनी सांगितलं की पाच मिनिटांत आटोपलं. सर्पमित्राने जमिनीवर पाइप ठेवला, पाइपाच्या दुसऱ्या तोंडाला कापडी पिशवी, लांब हुकाने सापाला नुसतं वळवलं. अंधारी जागा दिसल्यावर मण्यार आपणहून आत शिरली. हाताने धरणं, लोकांना दाखवणं, सेल्फी, काही नाही. गळ्यात साप घालून फिरणारेही पाहिले आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहिते.

दोन दिवसांनी तो चक्कर मारून गेला, तेव्हा मी केरसुणीची गोष्ट कबूल केली. तो हसला नाही. म्हणाला, पट्ट्यांवरसुद्धा विसंबू नका. मण्यारीच्या पिल्लांना पुढच्या भागावरही पांढरे ठिपके असतात, आणि एखाद्या मोठ्या मण्यारीला पट्टे जवळपास नसतातच. मग माझाच फोटो मोठा करून त्याने पाठीच्या मधोमध बोट ठेवलं. तिथली खवल्यांची ओळ षटकोनी, बाजूच्या खवल्यांपेक्षा ठळक मोठी. कवड्याला तशी नसते. "पण हे दिसण्याइतकं जवळ जायचं नाही. हे फोटोत बघायचं."

मग आम्ही आवार पाहिलं. फिनेल, लसूण, कार्बोलिक यांनी काही होत नाही, त्यावर पैसे घालवू नका म्हणाला. मोरीच्या दुरुस्तीतून उरलेल्या विटा वर्षभर कुंपणाशी रचून ठेवल्या होत्या. शेजारी उंदराचं बीळ. सांडपाण्याच्या पाइपाला जाळी नाही. मण्यारीला यापेक्षा जास्त काही लागत नाही. उंदीर, पाली, बेडूक तर ती खातेच, दुसरे सापही खाते.

बूट घालून, चिमट्याने एकेक वीट उचलली. सर्वांत खालच्या थरात कात सापडली, जवळजवळ अख्खी. उजेडात धरली तर मधली षटकोनी ओळ स्वच्छ दिसत होती. म्हणजे ती त्या रात्री वाट चुकून आलेली पाहुणी नव्हती. आमच्या येण्याजाण्याच्या वाटेपासून चार पावलांवर तिचा मुक्काम होता, आणि अण्णा रोज रात्री तिथूनच अनवाणी कडी बघायला जात होते.

अण्णांनी ती कात बराच वेळ निरखली. मग म्हणाले, "विजेरीचे सेल आणून ठेव," आणि चपला शोधायला लागले.