तुकडा पुरला नाही

'सॅम्पल अपुरे.' जनुक तपासणीच्या रिपोर्टवर एवढंच होतं. ते सॅम्पल मीच काढलं होतं.

काकूंनी आयुष्यात सिगारेटला हात लावला नव्हता. आधी खोकला, मग धाप. सीटीमध्ये फुफ्फुसात गाठ, आणि श्वासनलिका दुभंगते त्याच्या खाली सुजलेल्या लसीका ग्रंथी. ईबस केलं, म्हणजे श्वासनलिकेत दुर्बिणीची नळी घातली. या दुर्बिणीच्या टोकालाच सोनोग्राफी असते. नलिकेच्या भिंतीपलीकडची ग्रंथी पडद्यावर दिसते, सुई तिच्यात शिरतानाही दिसते. पूर्वी याच ग्रंथीसाठी पूर्ण भूल देऊन मानेखाली छेद घ्यावा लागे. सुईचे तीन पास घेतले, म्हणजे सुई तीनदा ग्रंथीत घातली, स्लाईडवर कर्करोगाच्या पेशी दिसल्या आणि मी थांबले.

निदानापुरतं ते पुष्कळ होतं. पण 2004 मध्ये या कर्करोगात ईजीएफआर जनुकातले, औषध ठरवणारे बदल सापडले, तेव्हापासून नुसतं 'फुफ्फुसाचा कर्करोग' म्हणणं हे अर्धंच निदान. कर्करोगाचा प्रकार ओळखायला टीटीएफ-1 आणि पी40 या दोन मार्करवर भागलं असतं, तिथे लॅबने आणखी सहा मार्कर लावले आणि ब्लॉक, म्हणजे मेणात जपलेला तुकडा, संपवला. मला भयंकर राग आला. मग फॉर्म पाहिला. 'टिश्यू जपून वापरा, जनुक तपासणी बाकी आहे' हे मी लिहिलंच नव्हतं.

रक्तातून केलेली तपासणी निगेटिव्ह आली. तेवढ्यावरून बदल नाहीच असं धरता येत नाही. एक सहकारी म्हणाले, तोवर इम्युनोथेरपी, म्हणजे प्रतिकारशक्तीला कर्करोगावर सोडणारं औषध, सुरू करू. कधीच धूम्रपान न केलेल्या पेशंटमध्ये ही घाई मला मुळीच पटत नाही. ईजीएफआरचा बदल निघाला आणि इम्युनोथेरपीच्या पाठोपाठ त्यावरची गोळी, ऑसिमर्टिनिब, द्यायची वेळ आली तर फुफ्फुसाला गंभीर सूज येण्याचा धोका वाढतो. मी अडून बसले.

"परत तीच नळी?" काकूंनी विचारलं.

"तुकडा पुरला नाही, काकू."

या वेळी सात पास. सुईत तार ढकलली की फॉर्मॅलिनमध्ये दोऱ्यासारखा लाल धागा उतरतो, त्यात मधेमधे पांढुरके ठिपके असतात. कामाचे ते ठिपके. बाकी नुसतं रक्त. प्रत्येक धागा उजेडात धरून पाहिला. फॉर्मवर लाल शाईने लिहिलं, शिवाय फोनही केला.

रिपोर्ट आला: एक्सॉन 19 डिलीशन, म्हणजे ईजीएफआरमधलाच एक बदल. ऑसिमर्टिनिब 80 मिलिग्रॅम, रोज एक गोळी. तीन आठवड्यांनी काकू आल्या तेव्हा वाक्य मधे न तोडता बोलत होत्या.

दोन रिपोर्टांच्या मधे पाच आठवडे गेले. त्या काळात काकू रात्री पाठीशी उशा लावून बसून झोपत होत्या. आता दर खेपेला मला हात जोडतात, आणि नळी दुसऱ्यांदा का घालावी लागली हे मी त्यांना अजून नीट सांगितलेलं नाही.