वर्तुळं गोल दिसतायत का ते आधी बघा

काल आम्ही चौदा जण 'सेव्हन सामुराई' हा जपानी चित्रपट बघायला आणि त्यावर बोलायला जमलो होतो. दरोडेखोरांपासून गाव वाचवायला शेतकरी सात सामुराई, म्हणजे योद्धे, आणतात त्याची ही गोष्ट. निरोप होता: चित्रपट अडीच तास, मग तासभर चर्चा. दिग्दर्शक अकिरा कुरोसावांचा १९५४ चा हा चित्रपट २०७ मिनिटांचा आहे! परदेशांसाठी कापलेल्या छोट्या आवृत्त्याही निघाल्या होत्या, त्यामुळे कुणी अडीच तास म्हटलं की कोणती प्रत लावणार ते आधी विचारा. आमच्याकडे प्रत पूर्ण होती, कात्री लागली ती चर्चेला.

पण खरा संताप चित्राचा. मूळ चौकट जवळजवळ चौकोनी, रुंदी उंचीच्या १.३७ पट. प्रोजेक्टर रुंद चित्रावर लावलेला, त्यामुळे सगळं आडवं ताणलेलं. नट ताकाशी शिमुरांचे गाल पसरलेले, दुसरे नट तोशिरो मिफुने बुटके, घोडे आखूड पायांचे. शेजारी कुणीतरी म्हणालं, जुना चित्रपट आहे, असाच असेल. अजिबात नाही. जुने चित्रपट असे दिसत नाहीत, ते असे दाखवले जातात. मग सामुराईंचं निशाण आलं. त्यावर सहा सामुराईंची सहा वर्तुळं, सातव्या किकुचियोचा (म्हणजे मिफुनेंचा) त्रिकोण आणि खाली शेतकऱ्यांसाठी 'ता' हे जपानी अक्षर. सहाही वर्तुळं लंबगोल! तेव्हा आमच्यातली एक मैत्रीण उठली आणि तिने एका मिनिटात सेटिंग बदलून घेतलं. एका मिनिटाचं काम, आणि तोवर किती चित्रपट वाया गेला होता.

म्हणून सांगतो, सगळे बसायच्या आधी दोन मिनिटं चित्र लावून बघा. रुंद पडद्यावर दोन्ही बाजूंना काळे पट्टे दिसलेच पाहिजेत. पट्टे नसतील तर सुरू करू देऊ नका, वाईटपणा आला तरी चालेल. चित्रपटाचं स्वतःचं मध्यंतर आहे, तेही गाळू देऊ नका. सबटायटल्स पुढच्याच्या डोक्याआड जातात, मधल्या रांगा धरा.

शेवटची पावसातली लढाई नीट चौकटीत बघितली. चिखलात घोडे, माणसं, भाले एकमेकांत मिसळतात, तरी कोण कुठे आहे ते कळत राहतं. अंगावर काटा आला.

मग हॉल रिकामा करायला सांगितलं. चर्चा दाराबाहेर उभ्याने, वीस मिनिटं. तरी काय चर्चा! पहिल्यांदाच बघणाऱ्या एकीने विचारलं, मेलेले चारही सामुराई बंदुकीनेच का मेले, तलवारीने एकही कसा नाही? मी हा चित्रपट चौथ्यांदा बघत होतो, माझ्या हे कधी लक्षातच आलं नव्हतं. नव्यांना आधी बोलू द्या, जाणकारांना शेवटी. आणि हॉल पाच तासांसाठी घ्या. किकुचियो शेतकऱ्यांची बाजू मांडतो त्या भाषणापर्यंत आमची चर्चा पोहोचलीच नाही.