सध्या काय वाचता, असे तुम्ही विचारलेत म्हणून

"बाई, तुमचे आवडते पुस्तक कोणते, आणि सध्या काय वाचता आहात?" भुसावळच्या बाजारात भेटलेले जुने विद्यार्थी हे विचारतात, जळगावच्या गाडीत माझ्या हातातले पुस्तक पाहून शेजारी बसलेली एखादी मुलगी विचारते, आणि दर वेळी माझे उत्तर ऐकून विचारणाऱ्याचा थोडा विरस होतो. नवे काही हाती लागेल या आशेने प्रश्न आलेला असतो आणि मी मात्र 'गीता प्रवचने', 'श्यामची आई' आणि बहिणाबाईंची गाणी अशी तीच तीन नावे सांगते. आवड आणि सध्याचे वाचन या दोन्हींना माझे उत्तर एकच कसे, हे एकदा नीट सांगायला हवे.

यातली दोन पुस्तके आधी बोलली किंवा गायली गेली आहेत आणि मग कागदावर आली आहेत, आणि तिसरे, 'श्यामची आई', रात्री गोष्ट सांगावी तसे लिहिलेले आहे. आमच्या घराच्या ओट्यावर दर रविवारी संध्याकाळी आम्ही पाचसहा जण बसतो, एक जण वाचतो आणि बाकीचे ऐकतात. निवृत्तीनंतर मी हे सुरू केले तेव्हा कोणती पुस्तके ऐकताना टिकतील याचा अंदाज नव्हता. छान लिहिलेली, नावाजलेली कितीतरी पुस्तके ओट्यावर दुसऱ्या रविवारीच थकली. ही तीन मात्र पुन्हा पुन्हा मागितली गेली.

विनोबांनी गीतेवरची अठरा प्रवचने 1932 साली आपल्या धुळ्याच्या तुरुंगात दिली. 21 फेब्रुवारीला पहिले आणि 19 जूनला अखेरचे, दर रविवारी एक अध्याय. त्याच तुरुंगात साने गुरुजी होते आणि त्यांनी ती ऐकता ऐकता लिहून घेतली म्हणून आज ती आपल्या हाती आहेत. तरुणपणी मी हे पुस्तक गीतेवरचे भाष्य म्हणून वाचायला घेतले आणि तिसऱ्या अध्यायाशी मिटून ठेवले. चूक माझी होती, कारण मी ते एकटीने, मनातल्या मनात आणि घाईने वाचत होते. मोठ्याने वाचू लागल्यावर लक्षात आले की यातले वाक्य ऐकणाऱ्याच्या श्वासाच्या लांबीचे आहे, एक कल्पना सांगून झाली की लगेच घरातला, शेतातला किंवा आईच्या मायेचा दाखला येतो, आणि समोरच्या माणसाला तो पोचला याची खात्री झाल्यावरच वक्ता पुढे सरकतो. लिहून घेणाऱ्याने ती लय मोडली नाही, हे मला गुरुजींचे फार मोठे काम वाटते. स्वतः एवढे लिहिणारा माणूस दुसऱ्याचे शब्द टिपताना किती मागे सरून बसला असेल! आम्हीही ते बोलले गेले तसेच, रविवारी एक अध्याय या गतीने वाचतो आहोत आणि सध्या नवव्या अध्यायापर्यंत आलो आहोत. तेव्हा 'सध्या काय वाचता' याचे नेमके उत्तर हे आहे.

'श्यामची आई' विषयी मी थोडेच सांगते, कारण ते घरोघरी आहे. केवळ रडवणारे पुस्तक म्हणून त्याची ओळख करून दिली जाते, ती मला अपुरी वाटते. गुरुजी अमळनेरच्या शाळेत शिकवत होते आणि तिथले छात्रालय सांभाळत होते. मुलांना रात्री गोष्ट कुठे थांबवून झोपायला पाठवावे हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या या पुस्तकाच्या बेचाळीस रात्री त्या जाणकारीने बेतलेल्या आहेत.

बहिणाबाईंच्या बाबतीत मात्र ओट्यावर मी वाचणारी राहिले नाही. असोद्याला जन्मलेल्या आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या या बाईंनी घरकाम आणि शेतकाम करता करता जे गायले, ते त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि नात्यातले पितांबर चौधरी यांनी उतरवून घेतले. त्या 3 डिसेंबर 1951 रोजी गेल्या आणि पुढच्या वर्षी, 1952 साली, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ती गाणी छापली गेली. त्यांच्या 'मन वढाय वढाय' या गाण्यातल्या 'वढाय'चा ओढाळ असा अर्थ मी अनेक वर्षे वर्गात फळ्यावर लिहिला आणि पुढे गेले. ओट्यावर तोच अर्थ सांगितला तेव्हा शेजारच्या मावशींनी, ज्या कधी शाळेत गेल्या नाहीत, मला थांबवले. "मार खाल्ला तरी जे ढोर फिरी फिरी त्याच वावरात येते, ते वढाय, बाई," असे म्हणून त्यांनी लहानपणी त्यांच्याकडे असलेल्या एका गाईची आणि तिच्या गळ्यात बांधलेल्या लोढण्याची हकीकत सांगितली. लोढणे पायांत आपटून गुडघे सोलले तरी ती त्याच बांधाकडे जात असे. मनाला ही उपमा का दिली गेली, हे मला त्या संध्याकाळी कळले. तेव्हापासून ती गाणी मावशींच्या तोंडून ऐकायची आणि पुस्तक मी फक्त समोर धरायचे, असा आमचा क्रम आहे. छापलेल्या पानावर लेवा बोलीचे हेल उमटत नाहीत, ते त्यांच्या गळ्यात आहेत.

सगळीच पुस्तके वाटून घेण्यासारखी असतात, असे मला म्हणायचे नाही. धरणगावच्या बालकवींची 'औदुंबर' ही आठ ओळींची कविता मी कधीच मोठ्याने वाचत नाही. ती वाचून झाल्यावर जी शांतता हवी असते ती पाचसहा माणसांत मिळत नाही. नेमाड्यांची 'कोसला' मी ओट्यावर घेतली होती. सांगवीचा पांडुरंग पुण्याला जातो तो भाग सर्वांनी आनंदाने ऐकला, परंतु त्याची बहीण मनी हिच्या मृत्यूची पाने आली तेव्हा माझा आवाज लागेना आणि कोणी पुढे वाचायला पुस्तकही मागितले नाही. ती पाने मी नंतर एकटीनेच वाचली.

अलीकडे मावशींची नात ओट्यावर वही घेऊन बसते. आजी बोलताना अडलेला शब्द ती लिहून घेते, त्याखाली आजीने सांगितलेली हकीकत लिहिते, आणि रात्री ती वही माझ्याकडे तपासायला ठेवून जाते. शुद्धलेखनासाठी उचललेले तांबडे पेन मी पहिल्याच पानावर खाली ठेवले. 'वढाय' या शब्दाला तिने पाऊण पान दिले आहे आणि त्या गाईचा रंगही लिहिला आहे, जो मावशींनी मला सांगितला नव्हता. रविवारखेरीज इतर दिवशी मी सध्या ती वही वाचते आहे.