चाळीस रुपये भाव वाढवला तेव्हा

1994 साली पुण्याच्या रविवार पेठेत आम्ही दोघा मित्रांनी चहा पावडरचं दुकान टाकलं. भांडवल निम्मं-निम्मं, पण लिकर, म्हणजे चहाचा कोरा काढा, चाखून प्रत ठरवायची जीभ माझी. रोज सकाळी सतरंजीवर बीपी, बीओपी या दाणेदार प्रती आणि डस्ट म्हणजे बारीक भुकटी ओतायची, लाकडी फावड्यानं तीनदा वरखाली करायची, मग चाळायची. ते फावडं आजही वापरात आहे. दांडा दोनदा बदलला, पातं तेच. पुढची पंचवीस वर्षं बरी गेली.

2019 मध्ये भागीदार वेगळा झाला आणि आमच्यापासून दहा पावलांवर त्यानं दुकान थाटलं. दुकान थाटण्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, तो त्याचा हक्क. पण जाताना उधारीची वही घेऊन गेला. त्यात माझ्या अक्षरात दीडशे घरांची पसंती लिहिलेली होती: कुणाला कडक, कुणाला दाणेदार, कुणाला गुळाच्या चहासाठी वेगळी. ते मी विसरलेलो नाही.

आणि लगेच 2020. टाळेबंदीत आसामात ऐन पहिल्या बहराची तोडणी अडकली, पाठोपाठ पूर आला, लिलावाचे भाव चढले. इकडे शहरातली अमृततुल्यं, म्हणजे चहाची दुकानं, बंद. मी किलोमागे चाळीस रुपये वाढवले, 360 चे 400 केले. पलीकडच्यानं 340 वरच ठेवले. कसे ठेवले, ते चाळणीला विचारा. चार महिन्यांत आमची घरगुती गिऱ्हाइकं निम्म्यावर आली. ऑगस्टात मी कामगाराचा पगार बायकोची पाटली गहाण ठेवून दिला.

लोकांनी चहा कमी केला, अशी मी मनाची समजूत घालत होतो. पण सोसायट्यांमध्ये चहा तेवढाच उकळत होता, पावडर फक्त दुसरीकडून येत होती. बी.कॉम.ला मागणीची लवचीकता शिकलो होतो, म्हणजे भाव हलला की मागणी किती हलते ते, अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल यांनी 1890 च्या ग्रंथात मांडलेली. चहा महागला म्हणून माणूस चहा फारसा सोडत नाही, ती मागणी ताठ. पण माझा चहा महागला की दहा पावलांवर दुसरा हजर, म्हणजे माझ्या दुकानाची मागणी मात्र भलतीच लवचीक. पेपरात हे लिहून मार्क मिळवले होते, गल्ल्यावर बसून कळायला 2020 साल यावं लागलं.

सावरलं ते नारायण पेठेतल्या एका अमृततुल्यवाल्या काकांमुळे. टाळेबंदीनंतर त्यांचं दुकान पुन्हा उघडल्यावर पहिल्याच आठवड्यात ते आले. मी भीत भीत नवा भाव सांगितला. ते म्हणाले, "शेठ, किलोत माझे चारशे कप निघतात. तुमचे चाळीस म्हणजे कपाला दहा पैसे. खरा खर्च दुधाचा, गॅसचा आणि पोराच्या पगाराचा. दहा पैशांसाठी गिऱ्हाइकाच्या तोंडची चव बिघडवू?" आणि दहा किलो नेली, रोखीनं.

त्या रात्री मी गिऱ्हाइकांची दोन गटांत विभागणी केली. काकांसारख्यांच्या एकूण खर्चात आपण चिमूटभर, तिथे भाव फारसा टोचत नाही, प्रत हलली तर टोचते. घरच्या बाईला मात्र पाव किलोमागे दहा रुपये जास्त मोजताना ते हातात दिसतात. मग अमृततुल्यांच्या मिश्रणाचा भाव ठेवला तसाच. घरांसाठी डस्ट थोडी वाढवून वेगळं मिश्रण केलं, पुड्यावर तसं छापलं आणि पाव किलो 90 ला दिलं. नव्यानं धंद्यात उतरणाऱ्या पोरांना सांगतो: भाव पाडण्याआधी गिऱ्हाईक तुमचा माल नेऊन त्याचं काय करतं, ते त्याच्या ओट्याशी जाऊन बघा. आणि चहात जुना माल कालवू नका. उकळीत कळतो.

2022 च्या दिवाळीपर्यंत पाटली सोडवली. काका अजून सोमवारी येतात, चिमूटभर पावडर तळहातावर घेऊन फुंकतात, धूळ उडाली नाही की पोतं बांधायला सांगतात. गेलेल्यांपैकी बरीच घरं परत आली, त्यांची पसंती मी नव्या वहीत पुन्हा विचारून लिहिली. जुनी वही मात्र अजून आलेली नाही.