लॉराचे मागचे ब्रेक पॅड: डावा पिस्टन गेला, उजवा अडला

गाडी स्कोडा लॉरा, केबलवाला हँडब्रेक, ३८ मिमीचा पिस्टन. नवे जाड पॅड बसायला कॅलिपरमधला (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) पिस्टन परत आत ढकलावा लागतो. डावी बाजू पूर्ण झाली. उजवा पिस्टन निम्म्यावर अडला होता, तोही आता तळाला टेकलाय, पण ते कॅलिपर फार दिवस टिकणार नाही.

फक्त पुढचे पॅड बदललेल्यांसाठी आधी एक गोष्ट. पुढचा पिस्टन क्लॅम्पने सरळ दाबला की जातो. मागचा तसा जात नाही, कारण हँडब्रेकची यंत्रणा त्याच्या पोटात असते. आत स्पिंडल आणि त्यावर नट. पॅड झिजतात तसा नट आपोआप पुढे सरकतो. त्याला परत आत न्यायचं तर पिस्टन दाबत दाबत फिरवावाच लागतो. नुसता क्लॅम्प आवळला तर ही यंत्रणा मोडते. लॉराला दोन्ही बाजूंना घड्याळाच्या दिशेने फिरवायचं. काही गाड्यांत एका बाजूचे आटे उलटे असतात, तेव्हा आधी खात्री करा. इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेक असेल तर स्कॅनरने सर्व्हिस मोड लावून मग पिस्टन सरळ दाबायचा.

डावीकडे: पुढच्या चाकांना ठोकळे, हँडब्रेक सोडलेला, रिझर्व्हॉयरमधून थोडं ब्रेक ऑइल सिरिंजने काढलेलं. नाहीतर पिस्टन आत जाताना ते वर येऊन सांडतं आणि रंग खातं. कॅलिपरच्या बोल्टला १३ चा पाना, स्लाइड पिन (कॅलिपर जिच्यावर सरकतं ती) १५ च्या पान्याने धरलेली. दाब किती ठेवायचा, इथे बहुतेकांचं चुकतं. कमी पडला तर पिस्टन जागच्या जागी गरगरतो. जास्त झाला तर फिरतच नाही आणि पिस्टन फिरवायच्या टूलच्या खुंट्या निसटून पिस्टनच्या खाचा खातात. पाव वळसा फिरवायचं, किंचित आवळायचं, पुन्हा पाव वळसा. बूट (पिस्टनभोवतीचं रबरी आवरण) पिस्टनबरोबर पीळ खातो, म्हणून त्याच्या कडेखाली आधीच रबर ग्रीस लावायचं. इथे साधं ग्रीस नको, रबर फुगतं.

उजवीकडे आधी टूल बदलून पाहण्याचा मोह होतो. त्याऐवजी कॅलिपरवरचा हँडब्रेकचा लिव्हर बघा. तो स्टॉपपासून ४ मिमी लांब होता आणि केबल काढल्यावरही मागे आला नाही. म्हणजे केबल निर्दोष, लिव्हरच्या शाफ्टला गंज. शाफ्टला बाहेरून थेंबभर गंज सोडवणारं तेल, मग लिव्हर वीसेक वेळा पुढेमागे. स्टॉपला टेकला, पण पिस्टन अजूनही निम्म्यावरच.

मग ब्लीड निपल (ऑइल आणि हवा बाहेर काढायचा स्क्रू): ११ चा पाना, पारदर्शक नळी, बाटली. निपल उघडल्यावर पिस्टन सहज गेला असता तर आतून फुगलेला रबरी होज दोषी ठरला असता. फरक पडला नाही, तेव्हा अडचण पिस्टनलाच.

निपल बंद करून, समोर लाकडी ठोकळा ठेवून, पेडलने पिस्टन ५-६ मिमी बाहेर आणला. बूट एका जागी फाटलेला आणि बरोबर तिथेच गंजाचं कडं. फडकं, ब्रेक क्लीनर, रबर ग्रीस, परत आत; अशा तीन फेऱ्यांत पिस्टन तळाला गेला. पॉलिश पेपर लावलेला नाही, कारण सील (ऑइल अडवणारी रबरी रिंग) त्याच पृष्ठभागावर बसतं.

खरी काळजी हीच. जुने पॅड झिजल्यामुळे पिस्टनचा गंजलेला भाग सीलच्या बाहेर होता. नवीन जाड पॅडमुळे खड्डे पडलेला तोच भाग आता सीलखाली गेलाय, म्हणजे तिथून ऑइल पाझरण्याची शक्यता मोठी.

जोडणी: नवे बोल्ट ३५ न्यूटन-मीटर, चाकाचे १२०. डॉट ४ ब्रेक ऑइल भरून उजवी बाजू ब्लीड केली (हवा काढली). पेडल कडक होईपर्यंत दाबलं आणि त्यानंतरच हँडब्रेक ओढला.

पुढचं काम: उजव्या कॅलिपरला नवा पिस्टन, सील आणि बूट. तोवर रोज त्या चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसते का ते पाहायचं. दिसली तर गाडी जागेवरच उभी.