मृगातली फिकट कमान

फोटो काढायला एक रात्र लागली. त्यातली बार्नार्डची कमान, म्हणजे मृगाला वेढणारा वायूचा फिकट तेजोमेघ, दिसायला कित्येक दिवस.

पौष अमावास्येला मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात मामाच्या घरी गेले होते. मागे कुळागर, पुढे मोकळं अंगण, पूर्वेला सह्याद्रीची रांग. मृग लागला, म्हणजे सूर्य त्या नक्षत्रात आला, की आपल्याकडे पाऊस येतो. जानेवारीत तेच नक्षत्र रात्री साडेदहाच्या सुमारास माथ्याजवळ येतं. गोव्यातून मृगाचा बाण, म्हणजे ओळीतले तीन तारे, क्षितिजापासून 70 अंशांहून वर चढतो, म्हणजे मधे हवेचा थर कमी. आपल्या दमट किनाऱ्यावर हे फार मोलाचं आहे.

कॅमेरा जुना डीएसएलआर, पण सेन्सरपुढचा मूळ फिल्टर बदलून घेतलेला. तेजोमेघातल्या हायड्रोजनचा तांबडा प्रकाश 656.3 नॅनोमीटरचा असतो आणि मूळ फिल्टर त्यातला बराचसा अडवतो. 135 मिलिमीटरची लेन्स, खाली ताऱ्यांबरोबर कॅमेरा फिरवणारा ट्रॅकर, 90 सेकंदांचे 150 फोटो. लेन्सला गरम पट्टा बांधूनही शेवटी दव बसलंच. दवाचे आणि तारे ओढले गेलेले असे 22 फोटो काढून टाकले. उरले 128, म्हणजे 3 तास 12 मिनिटांचा प्रकाश.

सकाळी फोकसला हात न लावता लेन्सवर मामाचा पांढरा पंचा ताणून धरला आणि उजळ आकाशाचे फ्लॅट घेतले. मामी म्हणाली, "रात्र सरली, आता पंचाचे फोटो कशाला गो?" तिला समजावलं की लेन्समुळे चित्राच्या कडा काळवंडतात, सेन्सरवरची धूळ गोल डाग पाडते. तो दोष वेगळा टिपून ठेवला की नंतर मूळ फोटोला त्याने भागता येतं. फिकट तेजोमेघ हवा असेल तर ही पायरी कधीच गाळू नये. कडेचा काळोख आणि तेजोमेघाची कड यांतला फरक पुढे कोणालाच सांगता येत नाही.

म्हापशाला परतल्यावर सिरिल या सॉफ्टवेअरमध्ये डार्क (लेन्स झाकून काढलेले फोटो) आणि फ्लॅट लावून 128 फोटो एकावर एक रचले. एका फोटोच्या तुलनेत नॉइज, म्हणजे चित्रातली खरखर, साधारण 11 पटींनी उतरतो, कारण तो फोटोंच्या संख्येच्या वर्गमूळाने घटतो. रचलेलं चित्र पडद्यावर जवळपास काळंच दिसतं. सगळं काही हिस्टोग्रामच्या, म्हणजे उजेडाच्या आलेखाच्या, डाव्या काळ्या टोकाला दाटलेलं असतं. ते ताणून वर आणायचं, याला स्ट्रेचिंग म्हणतात.

मला वाटत होतं, खरं काम इथे आहे. पंधरा दिवस मी ताणतच राहिले. एम 42, मृगातला ठळक तेजोमेघ, झळाळून आला. बाणाच्या पूर्वेकडच्या ताऱ्याखाली घोड्याच्या डोक्याची काळी आकृतीही दिसली. ती प्रथम 1888 साली विल्यमिना फ्लेमिंग यांना हार्वर्डच्या काचेच्या प्लेटवर सापडली होती. एका प्लेटवर एवढीशी खाच ओळखणारी ती नजर मला कायम थक्क करते. पण एम 78 या लहान तेजोमेघाच्या बाजूने जाणारी बार्नार्डची मोठी कमान कुठेच नव्हती. तिच्या जागी एका कोपऱ्यातून येणारी तपकिरी चढण तेवढी.

ती चढण साखळी-डिचोलीकडच्या आणि त्यामागच्या म्हापसा-पणजीच्या उजेडाची. ती काढायला पार्श्वभूमीवर नमुन्याचे ठिपके ठेवतात आणि त्यांवरून आकाशाचा उतार मोजून वजा करतात. मी चित्रभर दाट ठिपके पसरले आणि बहुपदीचा घात 4 ठेवला, म्हणजे मोजलेल्या उताराला हवं तसं वळू दिलं. पार्श्वभूमी सुरेख सपाट झाली. चूक तिथेच होती. कितीतरी ठिपके कमानीवरच बसले होते, तिचा प्रकाश उजेडाचा उतार म्हणून मोजला गेला, आणि मी तेजोमेघच वजा करून बसले होते.

मग मागे गेले, थेट रचण्याच्या आधी. संध्याकाळी मृग पूर्वेला होता, मध्यरात्रीनंतर तो पश्चिमेच्या उजेडाकडे कलला. म्हणजे प्रत्येक फोटोतला उतार वेगळा, आणि सगळे एकत्र केले की त्यांचा गुंतागुंतीचा आकार होतो. एकेका फोटोत मात्र तो जवळपास सरळ असतो. म्हणून आधी प्रत्येक फोटोतून घात 1 चा साधा उतार काढला आणि मगच रचले. उरलंसुरलं काढायला मोजकेच ठिपके ठेवले, तेही जिथे काळं आकाश असल्याची खात्री होती तिथे, हाताने.

चित्र करडं करून उलटं केलं, म्हणजे तारे काळे आणि आकाश पांढरं. फिकट गोष्टी डोळ्याला अशा लवकर दिसतात. एम 78 च्या डावीकडून खाली वळलेली एक धूसर पट्टी तिथे होती. मी बराच वेळ खुर्चीतून उठले नाही.

पण ती खरी आहे का? मृगाने आकाशाची उत्तर-दक्षिण मध्यरेषा ओलांडण्याच्या आधीचे 64 आणि नंतरचे 64 असे दोन वेगळे संच रचले. दोन्हींत उजेडाची दिशा वेगळी, नॉइज वेगळा. कमान दोन्हींत त्याच जागी आली. फिकट तपशिलावर काम करणाऱ्या प्रत्येकाने ही तपासणी करावी असं मला मनापासून वाटतं. संगणक हवं ते दाखवायला फार लवकर तयार होतो.

त्यानंतरचं काम सावकाश. रंग गाया उपग्रहाच्या ताऱ्यांच्या यादीवरून जुळवले, तारे वेगळे काढले, तेजोमेघ एकदम न ताणता सहा-सात लहान पायऱ्यांत वर आणला. काळ्याची पातळी कधीच शून्याला टेकू दिली नाही. आकाश डांबरासारखं केलं की सर्वांत फिकट प्रकाश त्याच्याबरोबर कायमचा जातो. पार्श्वभूमी थोडी करडी राहिली तर राहू दे. एम 42 च्या गाभ्यासाठी 5 सेकंदांचे वेगळे फोटो जोडले आणि शेवटी तारे परत बसवले, थोडे मंद करून.

कमानीच्या बाहेर, वरच्या कोपऱ्यात, आणखी एक तांबूस छटा दिसते. ती फक्त मध्यरेषेनंतरच्या संचात आहे, आधीच्यात नाही. तिला मी उचललेलं नाही. माघातल्या अमावास्येला पुन्हा सत्तरीत जाणार आहे, मामाने अंगणातला दिवा त्या रात्री बंद ठेवायचं कबूल केलंय. या वेळी रात्र पडताच सुरुवात करून मृग पूर्वेला असेपर्यंत मिळतील तेवढे फोटो घ्यायचे आहेत.